सल्लामसलत : कोर्ट अमेरिकेचं, पत्ता पुण्याचा

या महिन्यात आलेल्या पत्रांत अमेरिकेतल्या कोर्टांबद्दल विचारणारी पत्रं बरीच निघाली. पुण्यात याचं आता कुणाला नवल वाटू नये. कुणाची लेक तिकडे, कुणाचा माल तिकडे, आणि उरलेल्यांचा पेपर तिकडच्या बातम्यांनी भरलेला. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण माहितीसाठी आहेत. हातात प्रत्यक्ष कागद पडला असेल, तर वकिलाकडे तो कागद घेऊन जावं, हा अंक घेऊन नव्हे.

प्रश्न : 'अमेरिकी सुप्रीम कोर्टाने याचिका फेटाळली' अशी बातमी आली, म्हणजे खालच्या कोर्टाचा निकाल बरोबर ठरला असं समजायचं का? गेल्या वर्षी जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दलही रोज उलटसुलट मथळे येत होते. माझा मुलगा आणि सून एच-१बी व्हिसावर आहेत, म्हणून विचारतो.
*निवृत्त वाचक, सहकारनगर*

नाही, तसं समजू नये. त्या कोर्टात नऊ न्यायाधीश बसतात आणि थोडे अपवाद सोडले तर कोणतं प्रकरण ऐकायचं हे तेच ठरवतात. हरलेला पक्ष ९० दिवसांत 'सर्शिओरारी'ची, म्हणजे 'आमचं प्रकरण ऐका' अशी, याचिका करतो. नवांपैकी चौघांना ते प्रकरण घ्यावंसं वाटलं तरच ते घेतलं जातं. नाही वाटलं, तर एका ओळीचा आदेश निघतो आणि त्याला सहसा कारण जोडलेलं नसतं. त्याचा अर्थ इतकाच की वरच्या कोर्टाने प्रकरण हातात घेतलं नाही. खालचा निकाल त्या पक्षकारांपुरता कायम राहतो, पण सुप्रीम कोर्टाने त्यावर मान्यतेचा शिक्का मारलेला नसतो. आपल्याकडे अनुच्छेद १३६ खालची विशेष अनुमती याचिका कारण न देता फेटाळली जाते, तेव्हाही असंच असतं. उच्च न्यायालयाचा निकाल अशाने सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशात विलीन होत नाही, हे 'कुन्हयम्मद' प्रकरणात २००० साली स्पष्ट झालं आहे.

फरक आहे तो पद्धतीचा. आपल्याकडे दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरही वकिलाला दोन मिनिटं उभं राहायला मिळतं. तिकडे हा टप्पा पूर्ण कागदावर चालतो. याचिका ६⅛ बाय ९¼ इंचांच्या पुस्तिकेत छापायची, शब्दमर्यादा ९,०००, कव्हर पांढरं. विरोध करणाऱ्याचं कव्हर नारिंगी. आणि 'खालचा निकाल चुकला' एवढ्या मुद्द्यावर याचिका सहसा घेतली जात नाही. देशात फेडरल, म्हणजे केंद्रीय, अपील कोर्टं १३ आहेत. त्यांच्यात एकाच प्रश्नावर मतभेद पडलेत, असं दाखवता आलं तर आशा असते. म्हणून चुकीचे निकालही वर्षानुवर्षं तसेच राहू शकतात.

आता नागरिकत्वाचं. २० जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशात दोन गट होते: आई बेकायदा राहत असेल, किंवा आई कायदेशीर पण तात्पुरत्या मुक्कामावर असेल, आणि दोन्ही बाबतींत वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील. अशा बाळाला नागरिकत्वाची कागदपत्रं देऊ नयेत, असं तो आदेश सांगत होता. एच-१बी दांपत्य दुसऱ्या गटात येतं, तेव्हा तुमची चिंता अनाठायी नव्हती. मेरीलँड, वॉशिंग्टन आणि मॅसॅच्युसेट्समधल्या जिल्हा न्यायाधीशांनी आदेशाला देशभरासाठी मनाई दिली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं ते वेगळाच प्रश्न घेऊन: जे पक्षकारच नाहीत त्यांच्यासाठीसुद्धा एक जिल्हा न्यायाधीश देशभर मनाई हुकूम देऊ शकतो का? २७ जून २०२५ ला 'ट्रम्प विरुद्ध कासा' मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी उत्तर आलं की १७८९ च्या न्यायव्यवस्था कायद्याने असा अधिकार बहुधा दिलेला नाही. दिलासा द्यायचा तो वादींना पुरेल इतकाच द्यावा.

आदेश घटनेत बसतो का, याला त्या निकालाने हातच लावला नाही. जन्माने नागरिकत्व देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ ची आणि ते परदेशी आईवडिलांच्या बाळालाही लागू करणारा 'वाँग किम आर्क' हा निकाल १८९८ चा. दोन्ही त्या दिवशी जिथल्या तिथे होते. तरी 'नागरिकत्व रद्द करायला कोर्टाची परवानगी' असे मथळे आपल्याकडे छापून आले. उलट सामूहिक दाव्याची वाट त्या निकालाने मोकळी ठेवली होती आणि जुलै २०२५ मध्येच न्यू हॅम्पशायरमध्ये ती वापरली गेली.

तेव्हा बातमी वाचताना कोर्ट कोणतं, प्रकरण कोणत्या टप्प्यावर आहे आणि आदेशाची तारीख काय, हे आधी बघा. कोर्टाच्या नावानेही फसायला होतं. न्यूयॉर्क राज्यात 'सुप्रीम कोर्ट' हे दावे पहिल्यांदा चालवणारं कोर्ट आहे. तिथलं सर्वांत वरचं कोर्ट 'कोर्ट ऑफ अपील्स'. न्यू जर्सीचं 'सुपीरियर कोर्ट' ऐकायला भारदस्त वाटतं, पण घटस्फोटाचा साधा दावा तिथेच दाखल होतो.

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना आहे. प्रेस मशीनचे सुटे भाग एका वितरकामार्फत अमेरिकेत जातात. ओहायोमधल्या एका कारखान्यात अपघात झाला आणि तिथल्या फेडरल कोर्टातल्या दाव्याचे कागद कुरिअरने आमच्याकडे आले. त्यावर २१ दिवसांची मुदत लिहिली आहे. ओळखीचे सांगतात, 'अमेरिकेचं कोर्ट इथे येऊन काय करणार, फेकून द्या.' काय करावं?
*उद्योजक, भोसरी*

फेकू नका. तसंच घाईघाईने कोर्टाला पत्रही लिहू नका. या दोन चुकांपैकी दुसरी जास्त लोक करतात.

आधी पाकीट जपून ठेवा. कोणत्या तारखेला आलं, कुणी सही करून घेतलं, हे लिहून ठेवा. मग आतला कागद नेमका कोणता आहे ते बघा. कोर्टाचा शिक्का आणि क्लार्कची सही असेल तर ते समन्स. 'समन्सची बजावणी माफ करावी' अशी विनंती आणि सहीसाठी कोरा फॉर्म असेल तर तो वेगळा प्रकार आहे. अमेरिकेबाहेरच्या प्रतिवादीला ही विनंती परत पाठवायला निदान ६० दिवस द्यावे लागतात. त्याने वेळेत सही करून दिली, तर कैफियत (लेखी उत्तर) द्यायला विनंती पाठवल्याच्या तारखेपासून ९० दिवस मिळतात. सही केल्याने 'या कोर्टाला आमच्यावर अधिकार नाही' हा मुद्दा हातचा जात नाही. आणि नकार दिला तर बजावणीचा खर्च भरावा लागण्याची जी तरतूद आहे, ती अमेरिकेत असलेल्या प्रतिवादीपुरतीच आहे.

समन्स असेल, तर ते कुरिअरने येणं हाच तुमचा पहिला आक्षेप. परदेशी समन्सबाबतचा १९६५ चा हेग करार भारताला १ ऑगस्ट २००७ पासून लागू आहे. टपालाने थेट बजावणी करण्याच्या वाटेला भारताने तेव्हाच हरकत नोंदवली आहे. नियमाप्रमाणे कागद दिल्लीला कायदा मंत्रालयाकडे जातात, तिथून जिल्हा न्यायालयाकडे, आणि शेवटी शिवाजीनगरहून बेलीफ तुमच्या दारात येतो. यात कित्येक महिने जातात. म्हणूनच वादीचे वकील कुरिअरचा सोपा मार्ग धरून बघतात. २००७ नंतर भारतीय प्रतिवादीवर निव्वळ कुरिअरने केलेली बजावणी टिकणं अवघड असतं. मात्र काही अमेरिकी न्यायाधीश ई-मेलने बजावणीला खास परवानगी देतात. त्यामुळे कंपनीची जुनी ई-मेल खाती, स्पॅमसकट, तपासून घ्या.

दुसरा आक्षेप यापेक्षा मोठा, तो म्हणजे ओहायोच्या कोर्टाला तुमच्यावर अधिकार आहे का. १९४५ च्या 'इंटरनॅशनल शू' निकालापासून कसोटी अशी की प्रतिवादीने त्या राज्याशी आपणहून काही किमान संबंध जोडलेला असला पाहिजे. तुमच्या प्रकरणाच्या सर्वांत जवळ जाणारा निकाल म्हणजे २०११ चा 'जे. मॅकिन्टायर मशिनरी विरुद्ध निकॅस्ट्रो'. ब्रिटिश कंपनीचं धातू कापायचं यंत्र स्वतंत्र वितरकामार्फत न्यू जर्सीत गेलं आणि तिथे कामगाराची बोटं तुटली. त्या राज्यात कंपनीची फार तर चार यंत्रं पोचली होती. सहा न्यायाधीशांनी कंपनीच्या बाजूने कौल दिला. पण त्या सहांचं कारणांवर एकमत नव्हतं. चौघांनी एक कारण दिलं, दोघांनी त्याहून मर्यादित. म्हणून हा निकाल उपयोगी आहे, पण त्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. उलट २०२१ च्या 'फोर्ड मोटर' निकालात कंपनी हरली, कारण अपघात जिथे झाले त्या राज्यांत तिची जाहिरात, विक्री, दुरुस्ती सगळंच जोरात चाललं होतं.

तुमच्या वकिलाला म्हणून पुढची माहिती लागेल: ओहायोच्या गिऱ्हाइकाला कधी थेट इन्व्हॉइस दिलं का, तिथल्या प्रदर्शनात स्टॉल लावला का, दुरुस्तीला किंवा मशीन बसवायला माणूस पाठवला का, वितरकाने कोणत्या राज्यात विकायचं हे करारात लिहिलंय का. गेल्या पाच वर्षांची पॅकिंग लिस्ट आणि बिलं काढून राज्यवार तक्ता करा. या एका तक्त्यावर पुढचा बराच वाद अवलंबून असतो.

आता सगळ्यात घातक जागा. फेडरल कोर्टात हे दोन्ही आक्षेप तुमच्या पहिल्याच अर्जात किंवा कैफियतीत यावे लागतात. पहिल्यांदा दुसरंच काही बोललात आणि अधिकाराचा मुद्दा नंतर आठवला, तर तो कायमचा गेला. शिवाय कंपनीला स्वतःची बाजू स्वतः मांडता येत नाही. तिथे वकिली करायची परवानगी असलेला वकीलच लागतो, मालकाने लिहिलेलं पत्र चालत नाही. 'आमचा माल निर्दोष आहे' असं पत्र लिहिणाऱ्याने आक्षेप उगीच धोक्यात घातलेला असतो आणि रीतसर उत्तरही दिलेलं नसतं. राज्याच्या कोर्टात असतात तर मुदतीही वेगळ्या. ओहायोत २८ दिवस, कॅलिफोर्नियात ३०, टेक्ससमध्ये तर बजावणीनंतर २० दिवस उलटल्यावर येणाऱ्या सोमवारी सकाळी १० वाजेपर्यंत. टेक्ससमध्ये अधिकाराचा आक्षेपही बाकी सगळ्या म्हणण्याच्या आधी, शपथेवरच्या अर्जाने द्यावा लागतो.

त्याच दिवशी करायच्या आणखी दोन गोष्टी. उत्पादन जबाबदारीचा विमा असेल तर विमा कंपनीला लेखी कळवा. उशिरा कळवलं या सबबीवर दावा अडकतो. पॉलिसीत अमेरिका-कॅनडा वगळलंय का तेही बघा, कारण प्रीमियम कमी ठेवण्यासाठी ते अनेकदा वगळलेलं असतं आणि मालकाच्या ते लक्षात राहत नाही. दुसरं म्हणजे त्या भागाची ड्रॉइंग्ज, तपासणीचे अहवाल, ई-मेल, व्हॉट्सॲपवरची बोलणी, यातलं काहीही पुसू नका. दावा आल्याचं कळल्यानंतर पुरावा नाहीसा झाला तर तिथलं कोर्ट त्याचा अर्थ तुमच्याविरुद्ध लावू शकतं.

'इथे येऊन काय करणार' याचं उत्तर असं. उत्तर दिलं नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. अमेरिका ही दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खालचा 'परस्पर प्रदेश' नाही, ब्रिटन आहे. त्यामुळे अमेरिकी हुकूमनाम्यावर पुण्यात थेट दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) चालत नाही. वादीला इथे नव्याने दावा लावावा लागतो, तोही निकालापासून तीन वर्षांत. त्या दाव्यात तुम्हाला कलम १३ चे बचाव मिळतात: परदेशी कोर्टाला अधिकार नव्हता, निकाल गुणदोषांवर नव्हता, बाजू मांडायची संधी मिळाली नाही, फसवणूक झाली वगैरे. पुरावा न घेता नुसत्या दाव्याच्या मजकुरावर दिलेला एकतर्फी निकाल गुणदोषांवरचा नव्हे, असं आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या 'इंटरनॅशनल वूलन मिल्स' प्रकरणात सांगितलं आहे.

इथवर तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं खरं आहे. पण तुमचा पैसा अमेरिकेतही आहे. वितरक तुम्हाला देणं लागतो ती रक्कम हुकूमनामाधारक तिथल्या तिथे अडकवू शकतो. आपल्याकडे गार्निशीची नोटीस निघते, तसंच ते. गैरहजर राहून, पुढे अंमलबजावणीच्या वेळी 'कोर्टाला अधिकारच नव्हता' असं म्हणण्याची मुभा अमेरिकी कायदाही देतो. पण तेव्हा तो एकच पत्ता हातात उरतो. कोर्टाने अधिकार होता असं ठरवलं, तर मालात दोष नव्हता हे सांगायची वेळ निघून गेलेली असते. तिथे निर्यात चालू ठेवायची असेल, तर पहिल्याच टप्प्यावर अधिकाराचा आक्षेप घेण्यावर खर्च करावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. हा खर्च जिंकलात तरी बहुधा परत मिळत नाही. अमेरिकेत सर्वसाधारणपणे ज्याचा वकील त्याचा खर्च.

प्रश्न : मुलीचं लग्न पुण्यात वैदिक पद्धतीने झालं. नंतर ती आणि जावई न्यू जर्सीत राहिले. आठ महिन्यांपूर्वी ती परत आली. आता जावयाने तिथे घटस्फोटाचा दावा लावला आहे, कारण 'न जुळणारे मतभेद'. मुलीने गप्प बसलं तर इथे तो घटस्फोट लागू होईल का?
*आई, कोथरूड*

गप्प बसल्याने इथल्या कायद्यात तिची बाजू फारशी बिघडत नाही. तिथल्या पैशाअडक्यात मात्र बिघडू शकते. दोन्ही वेगवेगळं बघू.

आपल्याकडचा मुख्य निकाल १९९१ चा 'वाय. नरसिंह राव विरुद्ध वाय. वेंकट लक्ष्मी'. त्यातल्या पतीने मिसुरी राज्यातून, विवाह सावरण्यापलीकडे मोडल्याच्या कारणावरून, घटस्फोट आणला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. नियम असा घालून दिला की ज्या कायद्याखाली लग्न झालं, त्याच कायद्याप्रमाणे कोर्टाला अधिकार हवा आणि कारणही त्याच कायद्यातलं हवं. अपवाद तीन. जोडीदार तिथेच कायम वास्तव्याला आहे आणि कारण आपल्या कायद्यात बसतं. किंवा तिने स्वेच्छेने त्या कोर्टाचा अधिकार मान्य करून, आपल्या कायद्यात बसणाऱ्या कारणावर दावा लढवला. किंवा तिने घटस्फोटाला संमती दिली. 'न जुळणारे मतभेद' हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. न्यू जर्सीत मात्र असे मतभेद सहा महिने चालले एवढं पुरतं.

म्हणून तिकडून आलेल्या कोणत्याही फॉर्मवर, 'नुसती पोच आहे' असं सांगितलं तरी, वकिलाने वाचल्याशिवाय सही नको. संमतीचा अपवाद असाच नकळत लागू होतो. कोर्टाचा अधिकार मान्य नाही हे नोंदवून दिलेलं उत्तर म्हणजे शरणागती नव्हे, हेही त्याच निकालात आहे. तिथे उत्तराची मुदत बजावणीपासून ३५ दिवसांची असते.

आता पैसा. लग्नानंतर मिळवलेलं तिथलं घर, बँक खाती, ४०१-के सारखी निवृत्ती खाती यांची वाटणी तिथलंच कोर्ट करणार. निवृत्ती खात्यातून तिचा हिस्सा काढायला तिथल्या कोर्टाचा विशिष्ट नमुन्यातला आदेश लागतो, तो शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयाला देता येत नाही. अशी मालमत्ता असेल, तर न्यू जर्सीच्या वकिलाकडून घटस्फोटाला हरकत आणि वाटणीची मागणी या दोन गोष्टी कशा वेगळ्या ठेवायच्या ते लेखी घ्या. वाटणीसाठी हजर राहणं म्हणजे सगळ्यालाच शरण जाणं, असा युक्तिवाद पुढे होऊ शकतो. मालमत्ता नसेल तर हा तिढाच नाही.

तिला इथे दाद मागता येते. पत्नी जिथे राहते तिथे अर्ज करण्याची सोय हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ मध्ये २००३ पासून आहे, आणि खटला चालू असताना कलम २४ खाली पोटगीही मागता येते.

दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल, तर इथे परस्परसंमतीचा अर्ज करणं सर्वांत बिनधोक. सहा महिन्यांचा थांबा माफ करता येतो, हे २०१७ च्या 'अमरदीप सिंग' निकालापासून ठरलेलं आहे. जावयाने कुलमुखत्यारपत्र तिकडून पाठवायचं असेल तर तिथल्या नोटरीसमोर सही, त्यावर त्या राज्याचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचं प्रमाणपत्र), आणि कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क. इथे लोक हमखास चुकतात ते शेवटच्या पायरीवर. आणि इथे मान्य नसलेल्या अमेरिकी घटस्फोटावर विसंबून दोघांपैकी कुणी दुसरं लग्न केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ चं, म्हणजे द्विभार्या-द्विपती गुन्ह्याचं, प्रकरण उभं राहू शकतं.

मूल असेल तर घाई करा. अमेरिकेत मूल आधीचे सलग सहा महिने जिथे राहिलं त्या राज्याला ताब्याच्या प्रश्नात प्राधान्य मिळतं. मूल तिथून निघून सहा महिने झाले नसतील तोवर, एक पालक तिथेच असल्यास, ते प्राधान्य टिकतं. मुलं पळवण्याबाबतच्या हेग करारात भारत नाही, आणि २०१७ च्या 'नित्या आनंद राघवन' निकालानुसार इथली कोर्टं परदेशी आदेशापेक्षा मुलाचं हित वर धरतात. तरी तिथला आदेश मोडलेला असेल, तर मुलीला अमेरिकेत पाऊल टाकणं अवघड होऊ शकतं.

प्रश्न : गरम कॉफी सांडली म्हणून अमेरिकेत कोट्यवधी मिळतात, हे खरं का?
*विमाननगर*

अर्धं खरं. १९९४ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या ज्यूरीने ७९ वर्षांच्या आजींना २ लाख डॉलर भरपाई ठरवली. त्यांची स्वतःची चूक २० टक्के धरून ती १ लाख ६० हजारांवर आणली. वर २७ लाख डॉलर दंडात्मक भरपाई, म्हणजे मॅकडोनाल्ड्सची साधारण दोन दिवसांची कॉफीविक्री. मथळे इथे संपले. पुढे न्यायाधीशांनी दंडाची रक्कम ४ लाख ८० हजारांवर आणली आणि शेवटी आपसांत तडजोड झाली. कॉफी साधारण ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला दिली जात होती, आजींना कातडीरोपण करावं लागलं, आणि भाजल्याच्या सुमारे ७०० तक्रारी कंपनीकडे आधीच होत्या. त्यांनी सुरुवातीला मागितले होते २० हजार डॉलर. २००३ च्या 'स्टेट फार्म' निकालापासून दंडात्मक भरपाई प्रत्यक्ष भरपाईच्या नऊपटीवर गेली तर ती क्वचितच टिकते.

प्रश्न : मूट कोर्टसाठी (विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यासाठी) अमेरिकी निकाल वापरायचे आहेत. संदर्भ कसा वाचायचा, फुकट कुठे मिळतात, आणि एआयने दिलेले निकाल चालतील का?
*कायद्याची विद्यार्थिनी, लॉ कॉलेज रोड*

'३४७ यू.एस. ४८३ (१९५४)' म्हणजे यू.एस. रिपोर्ट्सचा ३४७ वा खंड, पान ४८३: 'ब्राऊन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन'. 'एफ.' आणि पुढे मालिकेचा आकडा असेल तर फेडरल अपील कोर्ट, 'एफ. सप्.' असेल तर जिल्हा कोर्ट. सुप्रीम कोर्टात याचिका करणाऱ्याचं नाव आधी येतं, म्हणून मूळ दाव्यातला प्रतिवादी तिथे पहिला दिसू शकतो.

निकाल उघडला की सुरुवातीला 'सिलॅबस' नावाचा सारांश असतो. तो न्यायाधीशांचा नसतो, कोर्टाच्या वृत्तलेखकाने केलेला असतो, आणि त्याला निकालाचं वजन नाही, हे १९०६ च्या एका निकालाचा हवाला देऊन प्रत्येक प्रतीवर छापलेलं असतं. मूटमध्ये त्यातलं वाक्य 'कोर्ट म्हणतं' म्हणून वाचून दाखवणारे दरवर्षी सापडतात. नंतर बघायचं की मत बहुमताचं आहे का. पाच जण एका कारणावर आले नसतील, तर निकालाच्या बाजूच्या मतांपैकी सर्वांत मर्यादित कारण धरायचं, असं १९७७ चं 'मार्क्स' प्रकरण सांगतं. वर 'निकॅस्ट्रो'त आलेली अडचण ती हीच. 'व्हेकेटेड' म्हणजे खालचा निकाल पुसला गेला, 'रिमांडेड' म्हणजे प्रकरण परत खाली गेलं. परत गेलेल्या प्रकरणात कोण जिंकलं ते पुढे शोधावं लागतं.

निकाल अजून जिवंत आहे का तेही तपासा. जुन्या क्रमिक पुस्तकांत गर्भपाताच्या हक्काचा १९७३ चा 'रो' आणि सरकारी खात्यांनी लावलेला कायद्याचा अर्थ मानायला सांगणारा १९८४ चा 'शेव्हरॉन' अजून दिमाखात बसलेत. पहिला २०२२ च्या 'डॉब्ज'ने गेला, दुसरा २०२४ च्या 'लोपर ब्राइट'ने. आपल्या कोर्टात अमेरिकी निकाल बंधनकारक नसतात, पण पटले तर घेतले जातात. 'बिजो इमॅन्युएल' (१९८६) आणि 'बचन सिंग' (१९८०) मध्ये ते कसे वापरले ते वाचा. परीक्षक हमखास विचारतील तो प्रश्न 'ड्यू प्रोसेस' (न्याय्य प्रक्रिया) हे शब्द आपल्या अनुच्छेद २१ मध्ये नाहीत, हा. त्यासाठी 'गोपालन' ते 'मनेका गांधी' हा प्रवास तोंडपाठ हवा.

सुप्रीम कोर्टाचे निकाल त्याच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतात. फेडरल खटल्यांचे कागद 'पेसर' या फेडरल कोर्टांच्या संकेतस्थळावर पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर. तिमाहीत ३० डॉलर किंवा त्याहून कमी झाले तर आकारणी होत नाही. 'कोर्टलिसनर'वर बरेच कागद मोफत आहेत, आधी तिथे शोधा.

एआयने दिलेला संदर्भ तपासल्याशिवाय वापरू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात 'माटा विरुद्ध अव्हियांका' प्रकरणात वकिलांनी चॅटबॉटने रचलेले निकाल दाखल केले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. त्यांनी पडताळणी केली ती त्याच चॅटबॉटला 'हे खरे आहेत ना?' असं विचारून. त्यातला एक संदर्भ अकराव्या सर्किटचा, म्हणजे तेरापैकी एका फेडरल अपील कोर्टाचा, म्हणून दिला होता, 'एफ.' तिसऱ्या मालिकेचा खंड ९२५, पान १३३९. ते पान खरोखर आहे, पण डी.सी. सर्किटच्या भलत्याच प्रकरणाच्या मधलं. म्हणून नुसतं नाव गुगल करून भागत नाही. खंड आणि पान उघडायचं, कोर्टाचं नाव आणि तारीख जुळवायची, आणि उद्धृत केलेलं वाक्य त्या पानावर स्वतः शोधायचं.